काखेतला कांदा आणि गाडीतली चिप

मंडळी, विषय वाचून दचकू नका. या वयात आजीबाईंना मोटारीचं काय सुचलं, असं माझ्या भाचरा-पुतण्यांना वाटणार हे मला ठाऊक आहे. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. शास्त्राच्या बाई रजेवर असल्या की त्यांच्या तासाला वर्ग सांभाळायला बसायचं, एवढाच माझा शास्त्राशी संबंध. पण गेल्या सहा महिन्यांत आमच्या घरातल्या दोघांच्या तोंडी 'चिप' हा शब्द सारखा यायला लागला. एक माझा पुतण्या, साताऱ्यात टूरिस्ट गाडी चालवतो. दुसरा नातू, पुण्यात नोकरीला आहे आणि त्याने नवी गाडी घेतली आहे. पुतण्याला हवं होतं मायलेज, नातवाला हवी होती ताकद. आणि दोघांनाही कोणीतरी सांगितलं होतं, एक छोटीशी चिप बसवा, की झालं!

दोघांचेही पैसे कष्टाचे. म्हणून मी वाचायला बसले. दोन-तीन गॅरेजवाल्यांशीही बोलले. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. शाळेत पाढे म्हणताना घाम फुटायचा त्याला, आता इंजिनातली मापं तोंडपाठ सांगतो. जे समजलं ते माझ्या भाषेत लिहिते आहे. इंजिनिअर मंडळींनी सांभाळून घ्यावं.

आधी ही चिप करते काय ते बघू.

आमच्याकडे पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती. आमच्या ह्यांचा फार जीव तिच्यावर. गाडी पेट्रोल जास्त प्यायला लागली की मिस्त्रीकडे न्यायची. तो बॉनेट उघडून कार्ब्युरेटरचा एक स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवायचा आणि मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत राहायचा, तंबोरा लावतात तसा. मग स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळाकुट्ट असला तर पेट्रोल जास्त होतंय, पांढुरका असला तर कमी पडतंय, आणि बदामी असला म्हणजे बरोबर. हेच तेव्हाचं 'ट्यूनिंग'.

आताच्या गाड्यांत तो मिस्त्री गाडीतच बसवलेला असतो. त्याला ईसीयू म्हणतात, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. (मला हे वाचून फारच नवल वाटलं. आपण टाकीत पेट्रोल भरतो आणि समजतो की गाडी पेट्रोलवर चालते. वजनाने बघितलं तर ती हवेवर चालते!) हे प्रमाण सांभाळायला ईसीयूला ठिकठिकाणी सेन्सर दिलेले असतात. आत येणारी हवा किती, ती गरम की थंड, इंजिनाचं तापमान काय, ड्रायव्हरने पाय किती दाबला आहे, हे सगळं ते कळवत राहतात. पेट्रोल गाडीत धुराच्या नळीतही एक सेन्सर असतो. जळून गेल्यावर प्राणवायू किती उरला ते तो सांगतो, म्हणजे जुन्या मिस्त्रीचं प्लगचा रंग बघणंच, फक्त सेकंदात कितीतरी वेळा. ही उत्तरं आली की ईसीयू आपल्याजवळच्या तक्त्यात बघतो आणि किती इंधन सोडायचं ते ठरवतो. त्या तक्त्याला ही मंडळी 'मॅप' म्हणतात. मला तो पाढ्यांचा तक्ताच वाटला.

पूर्वी, म्हणजे १९८०च्या दशकात, परदेशात हौशी लोक ईसीयूतली तक्ता साठवलेली चिप खरोखरच उपटून दुसरी बसवत. त्यावरून 'चिप' हे नाव पडलं आणि टिकलं. आज त्या नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. तिन्हींची गल्लत झाली की माणूस फसतो, म्हणून तिन्ही निराळ्या सांगते.

पहिली वस्तू सगळ्यात स्वस्त. गाडीत स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, मेकॅनिक आपलं यंत्र लावून दोष वाचतो ते. अमेरिकेत १९९६पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं, आपल्याकडे २०१०नंतर टप्प्याटप्प्याने आलं. त्या सॉकेटमध्ये खोचायची काडेपेटीएवढी डबी ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळते. खोचली की तिचे दिवे लुकलुकतात. ती म्हणे तुमची चालवण्याची सवय 'शिकते' आणि मायलेज वाढवते. अशा डब्या जाणकारांनी उघडून बघितल्या आहेत. आत दिवे लुकलुकवण्यापुरतं सर्किट निघालं. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायला जो भाग लागतो तोच नव्हता! म्हणजे मुलगा रोज दप्तर घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत जातो आणि तिथूनच परत येतो, त्यातली गत.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त साधनं आजवर तपासली. मोजक्याच साधनांनी मायलेज जरासं वाढलं, लक्षणीय फरक एकानेही पडला नाही. कारण समजून घेतलं तर सोपं आहे. विक्रेता म्हणतो, 'तुमच्या इंजिनात इंधन अर्धवट जळतं, आमच्या चिपने पूर्ण जळेल.' पण धडधाकट आधुनिक इंजिनात शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग इंधन आधीच जळतं. उरलेल्या दोन-तीन भागांतून वीस टक्के बचत कुठून काढणार? इंधनातली बरीचशी शक्ती वाया जाते हे खरं, पण ती रेडिएटरमधून आणि धुराच्या नळीतून उष्णता होऊन जाते. दिवे लावून ती परत येत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे वायरीच्या मध्ये बसवायचा डबा, ट्यूनिंग बॉक्स. आमच्या पुतण्याला हाच दाखवला होता. हा मात्र खरंच काहीतरी करतो, आणि जे करतो ते वाचताना मला शाळेतली पोरं आठवली. आमच्या वेळी पोरांची ठाम समजूत होती की काखेत कांदा धरून बसलं की अंगात ताप चढतो आणि परीक्षेतून सुटका होते. ताप किती चढायचा देव जाणे, पण दरवर्षी एखाद्याच्या अंगाला कांद्याचा वास यायचाच! तर हा डबा म्हणजे गाडीच्या काखेतला कांदा.

आताच्या डिझेल इंजिनात एका जाडजूड नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली साठवतात. त्या नळीला कॉमन रेल म्हणतात आणि दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो. आपल्या टायरमधला दाब जेमतेम दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून कल्पना करा. या दाबावर लक्ष ठेवायला सेन्सर असतो. ट्यूनिंग बॉक्स सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधोमध बसतो आणि खरा दाब असतो त्यापेक्षा कमी करून सांगतो. ईसीयूला वाटतं दाब पडला, तो वाढवतो. दाब वाढला की तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जातं आणि गाडी जोरात पळते. पेट्रोल गाड्यांसाठी याचाच एक गरीब भाऊ मिळतो. तो म्हणजे नुसता एक रेझिस्टर, किंमत दोन-चार रुपये, विकायची किंमत हजाराच्या पुढे. आत येणारी हवा थंड आहे अशी तो थाप मारतो, म्हणजे ईसीयूने जास्त पेट्रोल सोडावं. पण धुराच्या नळीतला सेन्सर ती चोरी थोड्याच वेळात पकडतो आणि ईसीयू प्रमाण परत होतं तिथे आणून ठेवतो.

तिसरी वस्तू म्हणजे 'रीमॅप'. इथे डबा नाही, काही नाही. लॅपटॉप जोडून तो पाढ्यांचा तक्ताच बदलून लिहितात. थापेबाजी करण्यापेक्षा हे सरळ, आणि जाणकार माणसाने केलं तर परिणाम खरा असतो. मात्र तो इंजिनावर अवलंबून आहे. टर्बो असेल तर वीस-पंचवीस टक्के ताकद वाढू शकते, कारण टर्बोला जास्त हवा कोंबायला सांगता येतं. टर्बो नसेल तर इंजिन जेवढी हवा स्वतः ओढेल तेवढीच. तिथे प्रामाणिक ट्यूनर पाच-दहा टक्क्यांच्या पुढे बोलत नाही, आणि तेवढा फरक गाडी चालवताना कळणंही अवघड.

आता तुम्ही म्हणाल, नुसतं लिहिलेलं बदलून वीस टक्के ताकद वाढत असेल तर कंपनीनेच ती का दिली नाही? माझाही पहिला प्रश्न हाच होता.

उत्तर मला स्वयंपाकघरात सापडलं. कुकरची शिट्टी ठराविक दाबाला वर उचलली जाते. कुकरचं भांडं त्याहून जास्त दाब सोसू शकतं, तसं ते मुद्दामच बनवलेलं असतं. म्हणून काय डाळ लवकर शिजावी म्हणून आपण शिट्टीवर वरवंटा ठेवतो? मधली ती जागा रिकामी दिसते, पण ती वाईट दिवसासाठी राखलेली असते. गाडीचंही तसंच. कंपनी एकच गाडी राजस्थानच्या पंचेचाळीस अंशांत विकते आणि लडाखच्या विरळ हवेतही. कोणी भेसळीचं डिझेल भरतो, कोणी सर्व्हिसिंगला सहा महिने उशीर करतो, कोणी पाचच्या गाडीत सात माणसं आणि वर लग्नाचे अहेर लादून खंबाटकी घाट चढतो. या सगळ्यांत इंजिन टिकावं म्हणून थोडी ताकद हातची राखलेली असते. धुराचे नियम पाळायचे असतात. क्लच आणि गिअरबॉक्सला किती जोर झेपेल तेही बघायचं असतं. चिप नवी ताकद निर्माण करत नाही, ही राखीव ठेव मोडून खर्चायला देते.

या गोष्टीचं एक चांगलं उदाहरण आपल्या रस्त्यांवरच होतं. २००७ साली मारुतीची डिझेल स्विफ्ट आली, त्यात फियाटचं १२४८ सीसीचं इंजिन होतं. पुढे तेच इंजिन कितीतरी गाड्यांत आलं, पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. काही गाड्यांत त्याची ताकद ७५ हॉर्सपॉवर, तर अर्टिगासारख्या गाड्यांत ९०. चिप विकणारे हेच उदाहरण देतात, 'बघा, इंजिन एकच, कंपनीने तुमची पंधरा हॉर्सपॉवर दाबून ठेवली!' पण नव्वदवाल्या इंजिनाला टर्बो वेगळा होता. वेगाप्रमाणे आतली पाती फिरवून हवेची वाट लहानमोठी करणारा. पंचाहत्तरवाल्याचा टर्बो साधा. म्हणजे कंपनीलाही ताकद वाढवताना लोखंड बदलावं लागलं, नुसता तक्ता बदलून भागलं नाही. (हे इंजिन मारुतीने एप्रिल २०२०मध्ये बीएस-६चे नियम आले तेव्हा बंद केलं.)

पुतण्याची गाडी या पंचाहत्तर हॉर्सपॉवरवाल्यांतलीच, २०१६ची. आता त्याचं सांगते.

त्याचा धंदा सातारा-पुणे-मुंबई विमानतळ असा. महिन्याला पाच हजार किलोमीटर होतात. भाडं ठरवणं त्याच्या हातात नाही, एजंट ठरवतो. डिझेलचा भाव त्याच्या हातात नाही, टोल नाही, गाडीचा विमा नाही. मुलगी बारावीला आहे, तिच्या क्लासची फी तर मुळीच नाही. सगळ्या हिशेबात एकच आकडा असा, की जो आपण वाढवू शकू असं त्याला वाटतं. मायलेज. म्हणून मायलेजची चिप घेणाऱ्या माणसाला कोणी मूर्ख म्हटलं की मला राग येतो. ज्याच्या हातात एकच दोरी उरली आहे, तो तीच ओढणार.

विकणाऱ्याने त्याला वहीवर हिशेब करून दिला होता. मी तो तपासला. सध्या २१चं मायलेज म्हणजे पाच हजार किलोमीटरला २३८ लिटर. वीस टक्के वाढलं तर १९८ लिटर. चाळीस लिटर वाचले. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे महिन्याला छत्तीसशे. बारा हजारांचा डबा साडेतीन महिन्यांत फिटतो. गुणाकार-भागाकारात एकही चूक नाही! गणितात गफलत नव्हती, गृहीत धरलेल्या त्या 'वीस टक्क्यां'त होती. वर्गातही असंच व्हायचं. मुलगा सगळ्या पायऱ्या बरोबर करायचा आणि दिलेली संख्याच चुकीची उतरवून घ्यायचा.

मला सांगितलं तोवर डबा बसवून झाला होता. आला तो खुशीतच. म्हणाला, "काकू, तुम्ही काहीही म्हणा, गाडी पळते बघा! आणि ॲव्हरेज बघा, साडेतेवीस दाखवतंय."

"कुठे दाखवतंय रे?"

"डॅशबोर्डवर. रोज बघतो मी."

गाडी पळत होती हे खरंच. पण डॅशबोर्डवरचा आकडा येतो कुठून? किती डिझेल सोडलं ते ईसीयू दाबावरून आणि वेळेवरून हिशेबाने काढतो आणि तेच डॅशबोर्डला सांगतो. आणि दाबाची बातमी तर डबा आधीच खोटी करून देत होता! दाब कमी आहे असं समजणारा ईसीयू डिझेलही कमीच मोजणार. म्हणजे डबा जितकं जास्त डिझेल पाजतो, तितकं मायलेज पडद्यावर चांगलं दिसतं. ज्याने कांदा धरला त्यालाच थर्मामीटर वाचायला दिल्यासारखं झालं हे.

मी त्याला फसलास वगैरे काही म्हटलं नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस आहे, घर चालवतो. मी एवढंच म्हटलं, की डॅशबोर्ड राहू दे, आपण टाकी मोजू. साताऱ्याचा एकच पंप, एकच नोझल. ऑटो कट झालं की थांबायचं, वरून ठासून भरायचं नाही. टायरमधली हवा दर वेळी सारखी. पुन्हा भरताना चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. चार टाक्या डबा लावून, चार टाक्या काढून. त्याला शंभर पानी वही दिली आणि रकाने आखून दिले. हौस फिटली माझी!

महिन्याभरात आठ टाक्या झाल्या. डबा असताना डॅशबोर्ड सरासरी २३.४ म्हणत होता, टाकी म्हणत होती २०.६. डबा काढल्यावर डॅशबोर्ड २१.३ आणि टाकी २०.९. आठ टाक्यांवरून मोठा सिद्धांत मांडू नये, वाहतूक आणि वजन रोज बदलतं, हे मला कळतं. पण वीस टक्के वाढ असती तर ती लपून राहिली नसती. वही बघून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे काकू, ते मलाच खोटं सांगत होतं."

त्याने विकणाऱ्याला फोन केला. 'अजून महिनाभर थांबा, ईसीयूला शिकायला वेळ लागतो,' असं उत्तर आलं. पस्तीस वर्षं शिकवल्यावर मी एवढं नक्की सांगते, की शिकायला वेळ लागतो हे कारण सगळ्यात जास्त तेच देतात ज्यांनी काही शिकवलेलंच नसतं.

पैसे परत मिळाले नाहीत. पण तो डबा गाडीत राहिला असता तर बारा हजारांवर भागलं नसतं, हे माझ्या विद्यार्थ्याने त्याला समजावलं. नऊ वर्षांची गाडी, अडीच लाख किलोमीटर झालेले. साध्या टर्बोचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, जास्त काजळी. आधी क्लच घसरायला लागतो, मग इंजेक्टर, मग टर्बो. आणि त्याच्यासारख्याची गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली तर तो महिना घर कशावर चालणार? शिवाय पिवळ्या पाटीच्या गाडीला ताशी ऐंशीचा स्पीड गव्हर्नर. वाढीव ताकद घेऊन जायचं तरी कुठे!

मग मायलेजचं काय? त्याचे उपाय इतके साधे आहेत की ते कोणी डबीत घालून विकत नाही. त्याच्या टपावर कॅरिअर बारा महिने बांधलेलं असायचं, सामान असो नसो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरला गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि वर कॅरिअर म्हणजे त्यात भर. ते काढून ठेवलं, सामानाची वर्दी असेल तेव्हाच चढवायचं ठरलं. टायरमधली हवा दर सोमवारी, टायर गार असताना. एअर फिल्टर बदलला. पुढच्या चार टाक्यांची सरासरी आली २१.८. वीस टक्के नाहीत हे. पण खरे आहेत, आणि फिल्टरच्या काहीशे रुपयांत आले.

आता नातू. त्याचं प्रकरण वेगळं, कारण तो जे घेऊ म्हणत होता ते खोटं नव्हतं. गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल, ११० हॉर्सपॉवर. रीमॅप करून १३५च्या आसपास होईल, असं ट्यूनरने सांगितलं, आणि ते शक्य आहे. खर्च पस्तीस हजार.

"आजी, तुला नाही कळायचं ते. घाटात ओव्हरटेक करताना काय मजा येते!"

मजेला माझा विरोध नाही. माणसं गाण्याच्या सिस्टिमवर लाखभर घालवतात, ट्रेकच्या बुटांवर घालवतात. आपल्या पैशाने, समजून-उमजून केलेल्या हौसेला 'फायदा काय' हा प्रश्न विचारू नये. मी त्याला वेगळे प्रश्न विचारले. गिअरबॉक्स गेला तर वॉरंटी मिळेल का? कारण तक्ता परत मूळचा लिहिला तरी कंपनीच्या यंत्राला त्याची खूण सापडू शकते. विमा कंपनीला कळवणार आहेस का? गाडीतला बदल लपवला आणि उद्या अपघात झाला, तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळेल. कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रीमॅप चांगल्या प्रतीच्या पेट्रोलवर बेतलेला असेल आणि गावाकडे साधंच मिळालं तर? इंजिन आतून ठोके देतं, म्हणजे इंधन अवेळी पेटतं. ताकद वाढली, पण ब्रेक आणि टायर तेवढेच राहिले, त्याचं काय?

आणि शेवटचा प्रश्न धुराचा. तो ऐकून तो हसला, "एका गाडीने काय होतंय आजी?" तेव्हा मी त्याला २०१५ची गोष्ट सांगितली. फोक्सवॅगन कंपनीने जगभरात एक कोटीहून जास्त डिझेल गाड्यांच्या ईसीयूत असं सॉफ्टवेअर घातलं होतं, की तपासणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती स्वच्छ चालायची. रस्त्यावर आली की काही गाड्या मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत विषारी वायू सोडायच्या. लोखंडाचा एकही तुकडा बदललेला नव्हता, बदल फक्त लिहिलेल्यात होता. म्हणजे तक्त्यात काय लिहिलं आहे याने हवेत काय जातं ते ठरतं. तेव्हा कंपनीवर सगळं जग संतापलं. आपल्या गाडीत तेच आपण स्वतः करून घेतलं तर त्याला आपण हौस म्हणतो!

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, वॉरंटी अजून दीड वर्ष आहे, ती संपेपर्यंत थांबतो, मग बघू. त्याची पत्नी आणि आठ महिन्यांची माझी पणती त्याच गाडीतून साताऱ्याला येतात. हे मी बोलले नाही, बोलायची गरज पडली नाही. दीड वर्षाने त्याने केलंच, तर निदान काय विकत घेतो आहे आणि कशाच्या मोबदल्यात, हे त्याला माहीत असेल.

तर चिप घ्यावी का? सॉकेटमध्ये खोचायची लुकलुकणारी डबी, कोणी फुकट दिली तरी नको. सेन्सरला थाप मारणारा डबा नको, आणि ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने तर मुळीच नको. टर्बो नसलेल्या गाडीला रीमॅप, नको. टर्बो गाडीला जाणकाराकडून रीमॅप, हा प्रश्न हौसेचा आहे. पण तो करण्याआधी वॉरंटी, विमा, कायदा, ब्रेक आणि धूर या पाच गोष्टींची उत्तरं एका कागदावर लिहून काढा. दर वर्षी ठेव मोडून सण साजरा करणारं घर वाईट असतं असं मी म्हणत नाही, पण ठेव मोडली आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असावं.

आणि मायलेज वाढल्याचं कोणीही सांगितलं, तर त्याला एकच विचारा. डॅशबोर्डने सांगितलं, की टाकीने?

पुतण्याची वही अजून चालू आहे. आता त्याची मुलगी रकाने आखते, आणि भागाकार तीच करते, मोबाइल न वापरता. तिचं अक्षर बापापेक्षा बरं आहे.